घाबरल्यामुळे इंटरव्ह्यू बिघडला? आधी पंचनामा, मग निकाल

इंटरव्ह्यू संपतो, लिफ्ट खाली येते, गेटवर व्हिजिटर पास परत द्यायचा असतो, आणि तेवढ्या दोन मिनिटांत निकाल लागलेला असतो. "गेलं. आपल्याच्यानं हे व्हायचं नाही." कंपनीनं अजून काहीच ठरवलेलं नसतं, ठरवून मोकळे झालेलो असतो आपण.

मी काही वर्षं कंपनीत भरतीच्या पॅनेलवर बसले. आता दर शनिवारी पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मुलामुलींचे सराव इंटरव्ह्यू घेते. घाबरून इंटरव्ह्यू बिघडणं कुणाच्याही वाट्याला येतं. मला काळजी वाटते ती त्यानंतरच्या आठ दिवसांची. त्या दिवसांत मुलं जे करतात त्यातलं बरंचसं करण्यासारखंच असतं, फक्त क्रम उलटा असतो. सगळ्यात आधी स्वतःवर निकाल, त्याच रात्री एचआरला लांबलचक माफीचा मेल, मग आठवडाभर फोनकडे बघत बसणं. नेमकं काय विचारलं आणि आपण काय बोललो, हे लिहून काढायची पाळी येते ती सगळ्यात शेवटी, तोवर निम्मं विसरलेलं असतं. पंचनामा झाल्याशिवाय कोर्ट निकाल देत नाही. इथंही तोच क्रम ठेवायचा.

आधीची तयारी: जवळ काय हवं

एक छोटी वही आणि पेन. फोनमध्ये टाइप करू नका. फोन हातात आला की व्हॉट्सॲप उघडतं आणि मग लिहिणं राहून जातं. पाण्याची बाटली आणि पोटभरीचं काही, कारण इंटरव्ह्यूच्या दिवशी बहुतेक जण सकाळपासून उपाशी असतात. आणि एकच माणूस, आधीच ठरवलेला, ज्याच्याशी त्या दिवशी बोलायचं. तो माणूस सल्ले देणारा नसावा, ऐकून घेणारा असावा. रूममेट, बहीण, जुना सिनियर, कुणीही चालेल.

तुमचा इंटरव्ह्यू होऊन गेलाय आणि मग हा लेख हाती आलाय, तर वही आत्ता घ्या. दोन दिवस उलटले असले तरी चालेल, थोडं कमी आठवेल इतकंच.

टप्पा १: पहिला तास फक्त शरीराचा

घाबरल्यावर अंगात ॲड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, हात गार पडतात, घशाला कोरड पडते. इंटरव्ह्यू संपला म्हणून हे लगेच थांबत नाही. उतरायला साधारण वीस मिनिटं ते तासभर लागतो. तेवढ्या वेळात मनात येणारा प्रत्येक विचार त्या धडधडीच्या रंगात बुडालेला असतो, म्हणून या तासात कुठलाही निर्णय घ्यायचा नाही.

क्रम असा ठेवा. आधी पाणी. मग दहा-पंधरा मिनिटं चाला. हिंजवडीत असाल तर पहिल्याच बसस्टॉपवर न थांबता पुढच्या स्टॉपपर्यंत चालत जा. मोठ्या स्नायूंना काम मिळालं की अंगातली ती तार सैल पडते. चालून झाल्यावर बसा आणि श्वास लांबवा: नाकानं चार आकडे मोजत आत, तोंडानं सात-आठ आकडे मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाची गती खाली येते, त्यामुळे बाहेर जाणारा श्वासच लांब हवा. बरीच मुलं उलट करतात, भराभर खोल श्वास आत घेत राहतात, आणि मग चक्कर येते. दहा वेळा पुरे. त्यानंतर खाऊन घ्या.

*सावधान:* चहा-कॉफीवर चहा-कॉफी नको. कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला अमृततुल्यात दोन कटिंग प्यायलात तर रात्री अकराला त्यातलं निम्मं अंगात असतं. आज रात्रीची झोप तुम्हाला हवी आहे.

*सावधान:* या तासात चार गोष्टी बंद: एचआरला मेल, घरी फोन, लिंक्डइन, आणि ग्रुपवर "वाट लागली" असा मेसेज.

*तपासा:* हात उबदार झालेत का? जबडा सैल आहे का? होय असेल तर पुढे जा.

टप्पा २: त्याच दिवशी पंचनामा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि सगळ्यात जास्त टाळला जातो तोही हाच.

घाबरलेल्या माणसाचं डोकं इंटरव्ह्यूनंतर एकच सिनेमा पुन्हा पुन्हा लावतं, त्यातले सुद्धा फक्त फसलेले प्रसंग. डेव्हिड क्लार्क आणि ॲड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये चारचौघांत वाटणाऱ्या भीतीचं जे प्रारूप मांडलं, त्यात हे प्रसंगानंतरचं उगाळणं भीती टिकवून धरणारं एक कारण म्हणून येतं. उगाळून माहिती वाढत नाही, उलट आठवण आणखी काळी होत जाते. कागदावर उतरवलं की ती जिथल्या तिथे थांबते. म्हणून शक्यतो झोपण्यापूर्वी लिहा.

१. प्रत्येक प्रश्न एका ओळीवर, विचारला त्या क्रमानं. "ओळख करून द्या" हाही प्रश्नच. बरोबर आलेलेही सगळे लिहायचे.

२. समोर आपण काय बोललो ते, शक्य तितकं शब्दशः. "बकवास बोललो" असं लिहायचं नाही, तो निकाल झाला. नेमकं वाक्य लिहा.

३. त्यापुढे चार खुणांपैकी एक: पूर्ण, अर्धं, चूक, सुचलंच नाही.

४. शेवटी एकच ओळ: शरीरात पहिली खूण कधी आणि कुठे जाणवली. नाव पुकारल्यावर? दुसऱ्या प्रश्नाला? तिसरा माणूस आत येऊन बसला तेव्हा?

एका मुलीचा पंचनामा सांगते. बीकॉम झालेली, दोन वर्षं एका सीएच्या ऑफिसात काम केलेली. भोसरीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सच्या जागेसाठी गेली होती. शनिवारी आली ती "ताई, सगळंच चुकलं" म्हणत. मी म्हटलं, लिही. अकरा प्रश्न निघाले. पूर्ण सात, अर्धी दोन, चूक एक, सुचलं नाही असं एक.

चुकलेला प्रश्न असा: आपण चेक दिला, समोरच्यानं तो अजून बँकेत भरलाच नाही, तर कॅशबुकपेक्षा पासबुकाची शिल्लक जास्त दिसेल की कमी? ती म्हणाली, कमी. दर महिन्याला बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे कॅशबुक आणि पासबुकाचा मेळ घालायचं काम, करणारी मुलगी. चेक वटला नसेल तर पैसे अजून बँकेतच असतात, शिल्लक जास्तच दिसणार, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. वहीत तिनं ते "कमी" इतकं दाबून लिहिलं होतं की पुढच्या पानावर ठसा उमटला होता. सात पूर्ण उत्तरं त्या एका शब्दाखाली गाडली गेली होती. शरीराच्या ओळीत तिनं लिहिलं होतं, "मॅनेजरनं घड्याळ पाहिलं तेव्हा कान गरम झाले." घड्याळ पाहिल्यानंतरचा पहिलाच प्रश्न चेकचा होता.

*तपासा:* पानावर "नेहमी", "कधीच", "सगळं" असे शब्द आलेत का? आले असतील तर खोडा आणि तिथे आकडा लिहा.

टप्पा ३: घरी काय सांगायचं

गावाकडून सात वाजता फोन येणारच. "झालं का रे काम?" त्यांच्या आवाजातली आशा ऐकून मुलं एकतर खोटं बोलतात किंवा रडतात. दोन्हीनंतर रात्रभर झोप नाही. एक वाक्य आधीच तयार ठेवा: "आई, इंटरव्ह्यू झाला. काही उत्तरं चांगली गेली, काही नाही. ते कळवणार आहेत, कळलं की लगेच सांगते." यातला शब्द न् शब्द खरा आहे. पुढे कुणी खोदून विचारलं तर तेच वाक्य पुन्हा.

तुमच्या नोकरीची वाट घरचं कर्ज पाहत असेल, तर या वाक्यानं भार हलका होणार नाही हे मला माहीत आहे. पण त्या रात्री त्यांना तपशील सांगून तो आणखी वाढतो. पंचनामा झाल्यावर, दोन दिवसांनी, शांतपणे सगळं सांगा.

टप्पा ४: मेल, दुसऱ्या दिवशी सकाळी

माझ्या स्वतःच्या एका जुन्या इंटरव्ह्यूची गोष्ट. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, वर स्टीलची झाकणी. घसा पार कोरडा पडला होता, पण झाकणी उचलताना हात थरथरेल आणि ती वाजेल, या भीतीनं मी पाणी घेतलंच नाही. चाळीस मिनिटं तशीच बोलले, आवाज फाटत गेला. रात्री अकराला मी दीड पानाचा मेल पाठवला: मी फार घाबरले होते, मी अशी नाही, कृपया आणखी एक संधी द्या. ती नोकरी मिळाली नाही. त्या पॅनेलवरचे एक गृहस्थ पुढे एका ओळखीतून भेटले. ते म्हणाले, "आम्हाला वाटलं तुम्हाला सर्दी झाली आहे." घाबरल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ते मी मेलमधून सांगितलं.

आपल्याला वाटतं तितकं समोरच्याला दिसत नाही. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००० सालचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांचा अंदाज, निम्म्या लोकांनी तरी पाहिला असेल. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच लक्षात आला होता.

तेव्हा मेल सकाळी लिहा, पाच-सहा ओळींचा, ज्या भाषेत इंटरव्ह्यू झाला त्या भाषेत. पहिल्या ओळीत वेळ दिल्याबद्दल आभार. मग कामाबद्दल झालेल्या बोलण्यातली एक नेमकी गोष्ट, म्हणजे तुम्ही ऐकत होतात हे कळतं. एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं असेल, तर ते एकच, असं: "काल न वटलेल्या चेकबद्दल मी चुकीचं सांगितलं. पासबुकाची शिल्लक कॅशबुकपेक्षा जास्त दिसेल, कारण ती रक्कम अजून खात्यातून गेलेली नसते." मग नाव आणि फोन नंबर.

घाबरल्याचा उल्लेख करायचा का? बहुतेक वेळा नको. इंटरव्ह्यू मधेच थांबवावा लागला असेल किंवा तुम्ही बराच वेळ गप्प बसला असाल, तर एक साधं वाक्य चालेल: "सुरुवातीला मी गांगरले होते, त्यामुळे पहिली काही उत्तरं अपुरी राहिली." त्यापुढे स्पष्टीकरण नको, विनवणी नको.

*सावधान:* पाचही चुकीच्या उत्तरांची दुरुस्ती पाठवू नका. ती पेपर फुटल्यावरची उत्तरपत्रिका वाटते.

*तपासा:* मेल मोठ्यानं वाचा. एका मिनिटात संपला नाही तर कापा.

टप्पा ५: घाबरलात की तयारी कमी होती?

या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते, आणि औषध चुकीचं घेतलं जातं. ज्याला उत्तर येत होतं तो आणखी चार पुस्तकं आणतो. ज्याला येतच नव्हतं तो प्राणायाम करतो.

चाचणी सोपी आहे. दोन दिवसांनी पंचनाम्याचं पान काढा. "अर्धं", "चूक" आणि "सुचलंच नाही" अशा खुणा असलेले प्रश्न घ्या. पुस्तक बंद, फोन बाजूला. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर उभं राहून मोठ्यानं द्या, दोन मिनिटांत. आलं तर समोर "भी" लिहा, म्हणजे भीती. नाही आलं तर "त", म्हणजे तयारी.

ताणाखाली विचार तात्पुरता धरून ठेवायची डोक्यातली जागा आकसते. उत्तर गेलेलं नसतं, त्या घडीला हाती लागत नसतं. म्हणून तर ते वाकडच्या पुलाखाली रिक्षा अडकल्यावर लख्ख आठवतं. असे "भी" चे प्रश्न जास्त असतील तर टप्पा ७ तुमच्यासाठी आहे. "त" जास्त असतील तर आधी अभ्यास, मग सराव, आणि इथे स्वतःशी खरं बोला. "मी घाबरलो" म्हणणं सोपं असतं, "मला डेटाबेसमधले जॉइन येत नव्हते" म्हणणं जड जातं. पण दुसरं वाक्य दोन आठवड्यांत दुरुस्त होतं.

टप्पा ६: वाट पाहण्याचे दिवस

कळवायची तारीख दिली असेल तर त्यानंतर दोन कामाचे दिवस थांबा. दिली नसेल तर आठवडाभर. मग दोन ओळींची विचारणा, एकदाच. नकार आला तर आभार मानून एकच प्रश्न विचारा: "कोणत्या एका गोष्टीवर मी काम करावं?" उत्तर येईलच असं नाही, पण आलं तर ते सोन्यासारखं असतं. या दिवसांत दुसरे अर्ज चालू ठेवा. एकाच फोनची वाट पाहणाऱ्याची भीती पुढच्या वेळी दुप्पट होते.

*सावधान:* खचलेल्या मुलांना याच दिवसांत "बॅकडोअर एंट्री", "रजिस्ट्रेशन फी", "लॅपटॉप डिपॉझिट" असे फोन येतात. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा कुणीही असो, फोन ठेवा.

*सावधान:* झोप आणि जेवण दोन आठवडे विस्कटलेलं असेल, बाहेर पडणंच नको वाटत असेल, किंवा जगून काय करायचं असा विचार एकदाही आला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलता येतं. ज्याच्याशी बोलायचं ठरवलं होतं त्या माणसालाही तेव्हाच सांगा.

टप्पा ७: मोठ्यानं सराव, पायरी पायरीनं

मनातल्या मनात उत्तरं घोळवणं म्हणजे सराव नव्हे. तिथं घसा कोरडा पडत नाही. भीती ज्या परिस्थितीत येते ती परिस्थिती थोडी थोडी अंगावर घ्यावी लागते, आणि धडधड उतरेपर्यंत तिथं थांबावं लागतं.

पहिल्या पायरीला एकट्यानं बोला, रोज वीस मिनिटं. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला खोलीत एकांत कुठला! पहाटे हनुमान टेकडीवर जा. तिथे चालत मोठ्यानं बोलणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही. ज्या प्रश्नापाशी शरीराची पहिली खूण आली होती, सुरुवात त्या प्रश्नापासून करा.

तीन-चार दिवसांनी फोनवर व्हिडिओ काढा. पहिला पाहताना फार वाईट वाटतं, पाहवत नाही. तरी पाहा, दोनदा: एकदा आवाज बंद करून, एकदा चित्र झाकून.

मग एका ओळखीच्या माणसासमोर. मग ओळख नसलेल्यासमोर, मित्राचा मित्र, अभ्यासिकेतला शेजारी. त्याला सांगून ठेवा की मधेच घड्याळ बघ, मधेच "हं?" कर, एका उत्तरानंतर अर्धा मिनिट काहीच बोलू नकोस. शेवटी तीन जण, टेबलापलीकडे, आणि तुम्ही इंटरव्ह्यूच्या कपड्यांत.

हमखास होणारी चूक म्हणजे उत्तरं पाठ करणं. पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्द निसटला की सगळी माळ ओघळते. प्रत्येक उत्तराचे तीनच मुद्दे लक्षात ठेवा, वाक्यं त्या वेळची त्या वेळी.

आणि थांबण्याची वाक्यं मात्र पाठच करा, जिभेवर बसेपर्यंत: "एक क्षण, विचार करून सांगते." "प्रश्न पुन्हा सांगाल का?" "कागदावर मांडून दाखवू का?" पॅनेलवर बसून सांगते, ही वाक्यं ऐकून मी कधी कुणाचे गुण कापले नाहीत.

*तपासा:* एका पायरीवर धडधड निम्म्यावर आली की पुढची पायरी. तारीख पाहून पुढे जाऊ नका.

टप्पा ८: पुढच्या इंटरव्ह्यूचा दिवस

जागा आदल्या दिवशी पाहून या. खराडी असेल तर मेट्रोनं रामवाडीपर्यंत आणि पुढे रिक्षा. हिंजवडी असेल तर घरून निघायची वेळ धरा आणि त्यात पाऊण तास मिळवा. धापा टाकत पोचलं की शरीराला घाई आणि भीती वेगळी कळत नाही.

सकाळी नेहमीचंच खा. कॉफीची सवय नसेल तर आजच सुरू करू नका.

रिसेप्शनमध्ये बसल्यावर "शांत हो, शांत हो" असं स्वतःला दटावू नका. ॲलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बोलण्याआधी "मी उत्सुक आहे" असं म्हणणाऱ्यांनी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं भाषण केलं. धडधड दोन्हीकडे असतेच, तिला नाव कुठलं द्यायचं ते आपल्या हातात असतं.

आत गेल्यावर पाणी असेल तर पहिल्या मिनिटातच एक घोट घ्या, हात थरथरत असला तरी.

*सावधान:* "इंटरव्ह्यूआधी ही गोळी घे, धडधड थांबते" असं सांगणारा मित्र भेटतोच. प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घेऊ नका. दमा असलेल्याला ती धोक्याची ठरू शकतात.

भोसरीची नोकरी त्या मुलीला मिळाली नाही. महिन्याभरानं चाकणला एका कंपनीत तिला बोलावलं. आमच्या शेवटच्या सरावात तिनं काय केलं होतं तेच तिनं तिथे केलं: आकड्यांचा पहिला प्रश्न येताच कोरा कागद मागितला. मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे कॅशबुक, उजवीकडे पासबुक लिहिलं, आणि मग बोलायला लागली. रात्री तिचा मेसेज आला. त्यात निवड झाली की नाही याबद्दल काही नव्हतं. पंचनाम्याच्या पानाचा फोटो होता, नऊ प्रश्न, आणि शेवटच्या ओळीत: "पहिली खूण लिफ्टमध्ये. तिसऱ्या प्रश्नाला गेली."